समोरच्या पिकअपची पॉलिसी संपलेली होती: एका मालक-चालकाच्या क्लेमची पूर्ण फाईल

सांगलीहून हळदीची पोती भरून वाशी मार्केटला निघालेला सहाचाकी ट्रक, चालवणारा स्वतः मालक, वय ३८, गाडी सहा वर्षं जुनी, महिन्याचा हप्ता ३१,००० रुपये. जून २०२५, पहाटे ५.४०, पुणे-बंगळूर हायवेवर कराडच्या पुढे उंब्रजच्या अलीकडे. डिव्हायडरमधल्या पुढच्या कटपर्यंत जायचा कंटाळा म्हणून एक पिकअप राँग साईडने येत होती, ट्रकवाल्याने डावीकडे काढायचा प्रयत्न केला, पिकअपने केबिनच्या डाव्या कोपऱ्यात ठोकर दिली आणि ट्रक रेलिंगला घासत जाऊन थांबला. मालकाच्या डाव्या पायाची नडगी मोडली, घोट्याजवळ. क्लिनर पोराच्या हाताला फ्रॅक्चर. पिकअपवाल्याला खरचटलं फक्त.

आधी एक सांगतो, हे नमुना प्रकरण आहे. माणूस कुणी एक नाही, अशा फायलींमधे जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका गाडीवर बसवलंय आणि आकडे हिशोब समजावा म्हणून गोल केलेत. कायद्याची कलमं, सुप्रीम कोर्टाचे निकाल आणि पॉलिसीतले नियम मात्र जसे आहेत तसेच दिलेत, कारण या सगळ्यात मालक-चालकाचं नुकसान नक्की कुठून गळतं ते त्या नियमांतच आहे आणि बहुतेकांना ते अपघात झाल्यावर कळतं.

ट्रकचे कागद एकदम व्यवस्थित होते. पासिंग, परमिट, पीयूसी, ट्रान्सपोर्टचं लायसन्स, बिल्टी, काट्याची पावती, ओव्हरलोड नाही. पॉलिसी ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो ती, आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ९ लाख. त्यामुळे हॉस्पिटलमधे धाकटा भाऊ भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता की चूक समोरच्याची आहे, आपला फुल इन्शुरन्स आहे, काळजीचं काही नाही. वर त्याने मोबाईलवर एमपरिवहन या सरकारी ॲपमधे पिकअपचा नंबर टाकून बघितलं तर तिकडे पण इन्शुरन्स व्हॅलिड, थेट जून २०२६ पर्यंत. तिथेच सगळे निवांत झाले.

ॲपमधली तारीख आणि अपघाताची वेळ

पिकअपची पॉलिसी अकरा दिवस आधीच संपली होती. अपघात पहाटे ५.४० ला झाला आणि त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पिकअपवाल्याच्या घरच्यांनी ऑनलाईन थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारी, काढली. नुसत्या थर्ड पार्टीला गाडीची तपासणी लागत नाही, पैसे भरले की पीडीएफ येते. ॲपमधे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवीन तारीख दिसायला लागली, जी भावाने बघितली, आणि पोलिसांनाही तीच पीडीएफ दिली गेली.

ॲप दाखवतं ती संपायची तारीख. पॉलिसी सुरू कधी झाली, कुठल्या तारखेला किती वाजता, ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतं. आणि इथे तासाला किंमत आहे. सुप्रीम कोर्टासमोर ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध सुनीता राठी असं एक प्रकरण होतं, त्यात अपघात दुपारी २.२० ला आणि विमा काढला २.५५ ला, त्याच दिवशी, फक्त ३५ मिनिटांचा फरक, आणि कोर्टाने म्हटलं कंपनी जबाबदार नाही. पॉलिसीवर वेळ छापलेली असेल तर त्या वेळेपासूनच जोखीम सुरू होते. आपल्या केसमधे तर नवी पॉलिसी दुसऱ्या दिवशीच्या ००:०० पासून होती. थोडक्यात अपघाताच्या क्षणी पिकअपला विमाच नव्हता.

हे कुणी वेळेत पकडलं नाही तर काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पोलिसांच्या अपघात अहवालात नव्या पॉलिसीचा नंबर जातो, वकील त्या कंपनीला पार्टी करून क्लेम टाकतो, वर्ष-दीड वर्षाने कंपनी उत्तर देते की अपघाताच्या वेळी आमची पॉलिसी चालूच नव्हती, आणि तोपर्यंत पिकअप पोलीस स्टेशनमधून सुटून विकून पण झालेली असते. मग हातात निकाल राहतो आणि वसूल कुणाकडून करायचं ते कळत नाही. या फाईलमधे हे पाचव्या दिवशी लक्षात आलं कारण भावाच्या ओळखीच्या एका एजंटने पॉलिसीची पूर्ण कॉपी मागून पहिलं पान वाचलं. एवढंच केलं त्याने, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

पिकअपवाला काही गुंड नव्हे, हेही लिहायला हवं. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचा सरकारी दर जून २०२२ पासून १६,०४९ रुपये, जीएसटी वेगळा, भाजीपाल्याच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला एकरकमी काढणं जड जातं, आज भरू उद्या भरू करत दिवस जातात. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणल्याचा दंड पहिल्यांदा २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि प्रत्यक्षात दंडावरच भागतं. २,००० चा धोका आणि १६,००० चा खर्च समोर ठेवला तर बरेच लोक काय निवडतात ते उघड आहे, आणि त्याची किंमत समोरून येणारा भरतो.

स्वतःच्या फुल इन्शुरन्समधून काय आलं

आधी गाडी. स्पॉट सर्व्हे, म्हणजे विम्याच्या सर्व्हेअरची जागेवरची पाहणी, झाला, मगच क्रेनने हलवली, हे बरोबर केलं. गॅरेजचं एस्टिमेट ३,४०,००० रुपये. त्यात केबिनचा पत्रा, फ्रंट ॲक्सल, रेडिएटर वगैरे लोखंडी पार्ट १,६०,०००, रबर-प्लॅस्टिक ३०,०००, काच १५,०००, मजुरी ८०,००० आणि बंपर, हेडलाईट, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे पार्ट, एक टायर आणि रंगकाम मिळून ५५,०००.

सर्व्हेअरने लावलेला हिशोब असा: गाडी पाच ते दहा वर्षांच्या गटात असल्यामुळे लोखंडी पार्टवर ४० टक्के घसारा, म्हणून १,६०,००० चे ९६,०००. रबर-प्लॅस्टिकवर वय कितीही असो ५० टक्के, म्हणून १५,०००. काचेवर घसारा नाही. मजुरी पूर्ण. आणि ते ५५,००० चं जे आहे त्याचे शून्य.

शून्य ऐकून भाऊ भांडायला उठला, पण सर्व्हेअर नियमातच होता. मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीला आयएमटी २१ नावाची एक अट मुळातच चिकटलेली असते, तिच्यात लिहिलंय की दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर, हेडलाईट आणि रंग यांचं नुकसान, गाडी पूर्ण बाद झाल्याशिवाय, मिळणार नाही. ते हवं असेल तर आयएमटी २३ घ्यावं लागतं, त्यासाठी ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाच्या, प्रीमियमवर १५ टक्के जादा, आणि घेतलं तरी या वस्तूंचे निम्मेच मिळतात, आपल्या केसमधे २७,५००. ट्रकची समोरासमोर ठोकर झाली तर सगळ्यात आधी फुटतं काय? बंपर, हेडलाईट, मडगार्ड. आणि नेमकं तेच बाहेर ठेवलेलं. रिन्यूअलला एजंटने प्रीमियम कमी दाखवायला आयएमटी २३ काढून टाकलेलं असतं आणि मालक फक्त शेवटचा आकडा बघतो. माझं म्हणणं स्पष्ट आहे, ज्याची एकच गाडी आहे त्याने हे काढूच नये.

सक्तीची कपात, म्हणजे प्रत्येक क्लेममधे मालकानेच सोसायची रक्कम, जाऊन गाडीचे साधारण २,०५,००० मिळाले, १,३५,००० खिशातून. क्रेनचे २८,००० झाले, टॅरिफच्या, म्हणजे मोटर विम्याच्या नियमावलीच्या, जुन्या शब्दांनुसार मोठ्या मालवाहू गाडीला ओढून न्यायचे २,५०० मिळतात, जास्तीची रक्कम आधी लिहून घेतली नसेल तर तेवढेच. क्लेम घेतला म्हणून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, पण गेला, चूक समोरच्याची असली तरी जातो.

गाडी उभी राहिली त्याचं काय? अडीच महिने गॅरेजमधे, कारण केबिनचा सांगाडा उशिरा आला. डिझेल, टोल, टायर, क्लिनर सगळं जाऊन महिन्याला जे ५५,००० उरायचे, ज्यातून हप्ता आणि घर चालायचं, ते बंद. पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं की अपघाताच्या पाठोपाठ येणारं नुकसान कव्हर नाही. १,३७,५०० असे गेले. फायनान्सवाल्याचा हप्ता काही थांबत नाही, दोन हप्ते बाऊन्स झाले त्याचे चार्जेस वेगळे.

आता शरीराचं, आणि मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती इथे.

पॉलिसीवर ठळक लिहिलंय, मालक-चालक अपघात विमा १५ लाख. विमा नियामकाने २०१८ मधे ही रक्कम १५ लाख केली. घरच्यांना वाटलं पाय मोडलाय, काही लाख तरी मिळतील. मिळाले शून्य. कारण हे कव्हर चारच गोष्टींना पैसे देतं: मृत्यूला १०० टक्के, दोन अवयव किंवा दोन डोळे किंवा एक अवयव आणि एक डोळा गेला तर १०० टक्के, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर ५० टक्के, आणि इतर जखमांनी कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १०० टक्के. हाड मोडलं, रॉड टाकला, पाच महिने पाय टेकवता आला नाही, घोटा कायमचा आखडला आणि सिव्हिल हॉस्पिटलने १८ टक्के अपंगत्वाचा दाखला दिला, यातल्या कशालाच त्या चार ओळींत जागा नाही. घरी पडून असलेल्या दिवसांचं आठवड्याला ठराविक रक्कम देणारं कव्हर वेगळ्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत मिळतं, मोटर पॉलिसीत नाही. ट्रकवाल्याच्या धंद्यात मरण्यापेक्षा चार-सहा महिने पडून राहायची वेळ कितीतरी जास्त वेळा येते आणि विमा मात्र फक्त मरणाचा काढलेला असतो.

बरं, गाडी बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर असती तर हे १५ लाखांचं कव्हरही त्याचं नसतं, ते नोंदणीकृत मालकाचं आणि मालक स्वतः चालवत असतानाचं. लोनसाठी बायकोच्या नावावर गाडी घेणारे गावोगावी आहेत, त्यांनी आजच बघा.

आणि आपल्याच कंपनीवर क्लेम टाकता येईल का, असं भावाने विचारलं, तर नाही. थर्ड पार्टी विमा दुसऱ्यासाठी असतो, मालक स्वतःच्या पॉलिसीत तिसरा माणूस होत नाही, धनराज विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या २००४ च्या निकालापासून हे ठरलेलं आहे. गंमत नाही ही, दुःखाची गोष्ट आहे की शेजारी बसलेल्या क्लिनरला मालकाच्याच पॉलिसीतून कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली काही ना काही मिळतं, तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, किंवा त्याने पिकअपविरुद्ध ट्रिब्युनलमधे, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात, जावं, दोनपैकी एक. मालकाला हा रस्ता नाही कारण तो कुणाचा नोकर नाही.

हॉस्पिटलचं बिल २,६०,०००. इथे एक चांगली गोष्ट झाली. मे २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघात कॅशलेस उपचार योजना लागू झालीये, अपघातापासून सात दिवसांपर्यंत माणशी दीड लाखापर्यंत, नेमलेल्या हॉस्पिटलात, आणि समोरच्या गाडीला विमा नसला तरी त्याचे पैसे सरकारच्या मोटर अपघात निधीतून येतात. हॉस्पिटल यादीत होतं म्हणून १,५०,००० तिकडून गेले, १,१०,००० भरावे लागले.

गाडी दुरुस्त झाल्यावर पाय बरा व्हायला अजून अडीच महिने होते, तेवढे दिवस २०,००० पगारावर ड्रायव्हर ठेवला, त्याचे ५०,०००. सगळी बेरीज मारली तर गाडीचे १,३५,०००, क्रेनचे २५,५००, दवाखान्याचे १,१०,०००, उभ्या गाडीचे १,३७,५०० आणि ड्रायव्हरचे ५०,०००, असे ४,५८,००० रुपये. चूक एक टक्का नसताना, कागद पूर्ण असताना, फुल इन्शुरन्स असताना. पाय आखडला त्याची किंमत यात धरलेलीच नाही.

अमेरिकेत समोरच्याला विमा नसेल किंवा कमी असेल तर तो फरक आपल्याच कंपनीकडून घ्यायचं कव्हर मोटर पॉलिसीसोबत मिळतं, तिकडे ट्रक चालवणारे ओळखीचे असतील तर त्यांना विचारून बघा. आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत असं काही नाही. त्यामुळे इथे दोनच वाटा राहतात, एक आधीपासून स्वतःची भोकं बुजवून ठेवायची, दुसरी समोरच्याची जी काही मालमत्ता आहे ती निसटू द्यायची नाही.

पिकअप सोडायची की नाही

पिकअप पोलीस स्टेशनच्या आवारात उभी होती. मालकाने नवव्या दिवशी मॅजिस्ट्रेट कोर्टात सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू या हमीवर, गाडी सोडवायचा अर्ज टाकला, सोबत तीच नवीन पॉलिसी. अशा अर्जात साधारणपणे पोलिसांचं म्हणणं घेतात, बाँड लिहून घेतात आणि गाडी देतात. जखमी माणूस बेडवर असतो, त्याला पत्ताच नसतो.

इथे भावाने वकील लावून हरकत घेतली आणि हरकत अगदी दोन पानांची होती. एफआयआरमधली अपघाताची वेळ, जुन्या पॉलिसीची संपायची तारीख, नव्या पॉलिसीची सुरू व्हायची तारीख-वेळ. आणि उषा देवी विरुद्ध पवन कुमार, सुप्रीम कोर्ट, सप्टेंबर २०१८. त्या प्रकरणात कोर्टाने राज्यांना सांगितलं होतं की अपघातातली गाडी विम्याशिवाय असेल तर मालकाने नुकसानभरपाईपोटी पुरेशी सुरक्षा दिल्याशिवाय ती सोडू नये, आणि तीन महिन्यांत दिली नाही तर लिलाव करून पैसे ट्रिब्युनलमधे जमा करावेत असा नियम करा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या अपघात तपासाच्या नियमांतही हीच तरतूद आली. त्याच नियमांत पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो, तेव्हा भावाने तपास अधिकाऱ्याला पण लेखी दिलं की विम्याच्या रकान्यात नुसता पॉलिसी नंबर नको, सुरू होण्याची वेळ लिहा. ते अधिकारी साहेब चांगले होते, त्यांनी कंपनीकडून खात्री करून घेतली आणि अहवालात अपघातसमयी विमा नाही असं स्पष्ट आलं.

कोर्टाने साध्या बाँडवर गाडी सोडायला नकार दिला. पिकअपचा धंदा बंद, त्याच्यावर पण फायनान्स, फायनान्स कंपनी गाडीवर हक्क सांगायला आली तर आणखी गुंता झाला असता, पण त्याआधीच पिकअपवाल्याच्या सासऱ्याने ३,५०,००० ची एफडी कोर्टाच्या नावे तारण दिली आणि गाडी गेली. साडेतीन लाख काही पूर्ण भरपाई नाही, तरी या सगळ्या फाईलमधे हातात धरता येईल अशी ही एकच गोष्ट आहे आणि ती पहिल्या तीन आठवड्यांत मिळाली म्हणून मिळाली. नंतर मिळत नाही.

समजा पिकअपला पॉलिसी असती

लोक विचारतात की मग पॉलिसी असती तर प्रश्न मिटला असता का. जखमेच्या बाबतीत बराचसा मिटला असता. आपल्याकडे थर्ड पार्टीत माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला रकमेची मर्यादा नाही, ट्रिब्युनल जे ठरवेल ते कंपनी देते. ड्रायव्हरचं लायसन्स बोगस निघालं तरी स्वरण सिंग या २००४ च्या निकालाप्रमाणे सहसा कंपनीने आधी जखमीला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं. परमिट नसेल तरी अमृत पॉल सिंग या २०१८ च्या निकालाप्रमाणे तसंच.

पण आपल्या ट्रकच्या नुकसानाचं वेगळं आहे. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं, पण मालकाला ते कमी करून फक्त ६,००० ठेवता येतं, आणि त्याबद्दल प्रीमियममधे सूट मिळते दोनशे रुपयांच्या आसपास. सहा हजार! या फाईलमधे गाडी आणि क्रेन मिळून १,६०,५०० चा फरक आहे, तिथे कंपनीने ६,००० दिले असते आणि उरलेले पुन्हा पिकअपवाल्याच्या मागे. दोनशे रुपये वाचवायला हा पर्याय ठेवलाच का जातो हे मला आजवर पटलेलं नाही. एक आकडा असा आहे की ज्यात एका ट्रकचा हेडलाईट-बंपर पण धड होत नाही.

ट्रिब्युनलमधला हिशोब

क्लेम सांगलीच्या मोटर अपघात ट्रिब्युनलमधे टाकला. अपघात सातारा जिल्ह्यातला असला तरी राहत्या ठिकाणी टाकता येतो, मोटर वाहन कायद्याचं कलम १६६(२). सहा महिन्यांची मुदत आहे, १ एप्रिल २०२२ पासून, तिच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे पण त्या भरवशावर कुणी राहू नये. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारलं की १६६ चा क्लेम संपतो, आणि इथे चूक स्वच्छ राँग साईडची असल्यामुळे १६६ च बरोबर.

खरी मेख उत्पन्नात होती. वकिलाने आधी महिन्याचं उत्पन्न ५५,००० लिहिलं. ते टिकणार नव्हतं, कारण गाडी दुरुस्त होऊन ड्रायव्हर ठेवून चालू आहे, म्हणजे गाडीची कमाई चालूच आहे असं समोरचा वकील म्हणणार आणि कोर्ट ते ऐकतं. मालक-चालकाचं जे कायमचं नुकसान झालं ते त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हिंगचं, आणि त्याची किंमत म्हणजे त्याच्या जागी ठेवायला लागणाऱ्या ड्रायव्हरचा पगार, २०,०००. तेवढंच धरलं आणि पगार बँकेतून दिल्याच्या नोंदी लावल्या.

अपंगत्व दाखल्यावर १८ टक्के. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दाखल्यातला टक्का सरळ उचलायचा नाही, त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला ते बघायचं. डावा पाय, क्लचचा पाय, घाटात शंभर वेळा दाबायचा, घोटा वाकत नाही. दुकानदाराला १८ टक्के आहे ते ट्रकवाल्याला १८ नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलावून हे त्यांच्या तोंडून यायला लागतं, इथे कंजूषपणा करू नये. आम्ही हिशोबाला ३० टक्के धरू.

२०,००० वर स्वयंरोजगार आणि चाळिशीच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, हे प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे, जखमींनाही लागू हे पप्पू देव यादव या २०२० च्या निकालाप्रमाणे. झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००, त्याचे ३० टक्के १,००,८००, आणि वय ३६ ते ४० ला सरला वर्मा या २००९ च्या निकालाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला जितक्याने गुणायचं तो आकडा, १५. एकूण १५,१२,०००. याच जागी पगाराची नोंद नाही, रिटर्न भरलेलं नाही म्हणून कोर्टाने अंदाजाने १२,००० धरले असते तर आकडा येतो ९,०७,२००. सहा लाख फक्त कागदाअभावी. रिटर्न भरला की टॅक्स लागेल या भीतीने न भरणाऱ्यांनी हा फरक एकदा बघावा.

तर १५,१२,००० आणि वरचे ४,५८,०००, वेदना आणि पुढचे उपचार वेगळे, म्हणजे साधारण २० लाखांचा क्लेम, आणि समोर साडेतीन लाखांची एफडी आणि एक पिकअप. निकाल लागला आणि पैसे दिले नाहीत तर कलम १७४ खाली ट्रिब्युनल कलेक्टरला दाखला देतं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली, तहसीलदारामार्फत. कागदावर हे जबरदस्त हत्यार आहे. प्रत्यक्षात सातबारावर त्याचं नाव असेल, ती जमीन भावांत वाटून झालेली नसेल, आधीच सोसायटीचा बोजा नसेल तर. म्हणून वकिलाने पिकअपवाल्याच्या नावावरचे उतारे आत्ताच काढून फाईलला लावले. एक एकर निघाली, विहिरीसकट.

सध्या प्रकरण इथे आहे की समोरून लोकअदालतीत तडजोडीचा निरोप आलाय, एफडीचे साडेतीन लाख लगेच आणि वर साडेचार लाख दोन वर्षांत हप्त्यांनी, एकूण आठ लाख. भावाला वाटतं घेऊन टाकावं, मालकाला वाटतं अन्याय आहे. मला विचाराल तर तडजोडीचा रस्ता बरोबर आहे, कारण २० लाखांचा निकाल एक एकरातून निघणार नाही, आणि लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, हप्ता चुकला तर सरळ वसुलीला जाता येतं. पण त्यावर अपील पण नाही, सही केली की विषय कायमचा बंद. म्हणून दोन गोष्टी त्यात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. हप्ते पूर्ण होईपर्यंत त्या एकराची विक्री किंवा गहाण करणार नाही असं पिकअपवाल्याचं लेखी, आणि हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम व्याजासकट एकदम. आणि पायातला रॉड पुढच्या वर्षी काढायचाय, त्या ऑपरेशनचा खर्च आणि परत दीड-दोन महिने ड्रायव्हर ठेवायचा पगार आठ लाखांत धरलेलाच नाही, तो आकडा डॉक्टरांकडून लेखी घेऊन मगच टेबलावर बसा असं भावाला सांगितलंय.